ग्लायडर किती उंच गेले?

फाल्गुन-चैत्राच्या दुपारी बेंगळूरुच्या आकाशात घारी पंख न हलविता घिरट्या घालीत असतात. खालून पाहणाऱ्या एखाद्याला ती घार किती उंचीवर आहे असे विचारले, तर तो शंभर मीटर म्हणेल. शेजारचा पाचशे म्हणेल. आणि दोघांपैकी कोणाचे उत्तर खरे हे ठरविण्याचे साधन दोघांजवळही नसेल. मोकळ्या आकाशात डोळ्याला अंतराचा अंदाज करण्यासाठी झाड, घर, खांब असे काहीच मिळत नाही. बिनतारी नियंत्रणाने उडविलेल्या ग्लायडरच्या बाबतीत हीच अडचण येते. मात्र घारीच्या उंचीसंबंधीचा वाद निकाली निघाला नाही तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि ग्लायडरच्या उंचीवर मात्र स्पर्धेतील गुण, कायद्याचे पालन व प्रसंगी खऱ्या विमानातील माणसांचे प्राण अवलंबून असतात.

ग्लायडर म्हणजे इंजिनाच्या जोरावाचून उडणारे विमान. नमुन्यादाखल बनविलेल्या लहान ग्लायडराच्या पंखांचा विस्तार साधारणपणे दीड ते चार मीटर असतो आणि वजन काही शे ग्रॅमपासून दोन-तीन किलोग्रॅमपर्यंत. पूर्वी त्याचा सांगाडा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा करीत. आता काच व कार्बन यांच्या तंतूंचा उपयोग होतो. हाताने फेकून, लांब दोरीने पतंगासारखे ओढून किंवा नाकावरील छोट्या विद्युत् मोटरीने ते वर चढविले जाते. त्यानंतर जमिनीवरील माणूस हातातील प्रेषकाने संदेश पाठवितो, ग्लायडरमधील ग्राहक ते झेलतो आणि शेपटीची व पंखांची पाती त्याप्रमाणे वळतात. याखेरीज जे काही घडते ते हवेच्या कृपेने.

बेंगळूरुचा आणि बिनइंजिनी विमानांचा संबंध जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तेथील अभिकल्पाचे काम ज्यांच्याकडे आले ते डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील हसूरचंपू गावचे. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. या कंपनीत अभिकल्पित झालेले पहिले वायुयान इंजिनाचे नव्हते. १९४१ साली तयार झालेले दहा आसनांचे ते एक ग्लायडर होते. घाटग्यांचे एच. टी.-२ हे प्रशिक्षण विमान त्यानंतर दहा वर्षांनी, १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. भारतीय विज्ञान संस्थेतील वैमानिकी विभाग आणि राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा याच शहरात वाढल्या. या प्रयोगशाळेने पुढे केवळ ३० सेंटिमीटर विस्ताराचे एक सूक्ष्म विमान बनविले आणि त्याला नाव दिले ते काळ्या घारीचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे लहान ग्लायडर किती उंच जाऊ शकते? हवेच्या दृष्टीने पाहिले तर याचे उत्तर थक्क करणारे आहे. उन्हाने तापलेल्या माळावरून किंवा छपरांवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढू लागतात. चांगले ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास खाली येत असते. हवाच सेकंदाला दोन मीटर वेगाने वर जात असेल, तर ग्लायडर त्या हवेत खाली घसरत असूनही जमिनीच्या मानाने सेकंदाला दीड मीटर वर चढते. दहा मिनिटांत ९०० मीटर! हा चढ कोठे थांबावा? सामान्यतः ढगांच्या तळाशी. जमिनीवरील हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू यांतील फरकाच्या दर अंशामागे ढगांचा तळ सुमारे १२५ मीटर वर असतो, असा एक सोपा नियम आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३३ अंश व दवबिंदू १५ अंश असला, तर ढगांचा तळ जमिनीपासून सव्वादोन किलोमीटरांवर जातो. इंजिन लावलेल्या नमुन्यांनी तर याहून कितीतरी अधिक मजल मारली आहे. अमेरिकेतील मेनार्ड हिल यांचे बिनतारी नियंत्रणाचे विमान १९७० साली ८,२०० मीटरांच्या वर गेले होते.

परंतु माळावर उभ्या असलेल्या माणसाचे ग्लायडर सव्वादोन किलोमीटर जात नाही. त्याला अडविते ती हवा नव्हे; अडवितो तो माणसाचा डोळा.

थोडे गणित केल्यास हे स्पष्ट होते. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा ओळखता येतो. तीन मीटर विस्ताराचे ग्लायडर ६०० मीटर उंचीवर असता त्याचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १७ कलांचा कोन व्यापतात. पूर्ण चंद्रबिंब ३१ कलांचे असते, तेव्हा हा आकार काही लहान म्हणता येणार नाही. पण पंखाची रुंदी असते वीस सेंटिमीटर. ती त्या अंतरावर जेमतेम एक कला भरते. आणि पंखाची जाडी दोन सेंटिमीटर, म्हणजे कलेचा नववा-दहावा हिस्सा. यामुळे ग्लायडर वळताना पंखांचा तळ दाखविते तेव्हा ते स्वच्छ दिसते, आणि पुढच्याच क्षणी सरळ होऊन कड समोर आली की आकाशात विरघळून जाते. ते आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे हेही मग कळेनासे होते. हातातील प्रेषक चालू आहे, संदेश पोहोचत आहेत, पण डावीकडे वळवावे की उजवीकडे हेच ठाऊक नाही, अशा स्थितीत पुष्कळ ग्लायडरे कायमची हरवली आहेत.

डोळ्याने दिसते तोवर उंची मोजण्याचा एक अगदी ओबडधोबड मार्ग मोजपट्टीनेही साधतो. हात पूर्ण लांबवून डोळ्यापासून ६० सेंटिमीटरांवर पट्टी धरावी आणि ग्लायडरचे पंख तिच्यावर किती मिलिमीटर भरतात ते पाहावे. तीन मीटरांचे पंख सहा मिलिमीटर भरले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ग्लायडर ३०० मीटर अंतरावर असले पाहिजे. आणि ते क्षितिजापासून ६० अंशांवर दिसत असेल, तर त्याची उंची २६० मीटर. पण सहाच्या जागी पाच मिलिमीटर वाचले की अंतर एकदम ३६० मीटर होते. वाऱ्यात हलणाऱ्या हाताने एका मिलिमीटरची चूक होणे ही रोजची गोष्ट आहे.

याहून पुष्कळ विश्वसनीय पद्धत म्हणजे दोन निरीक्षकांची. मैदानात एक सरळ रेषा काटेकोर मोजून घ्यावयाची, तिच्या दोन टोकांना कोन मोजण्याचे उपकरण घेऊन दोघांनी उभे राहावयाचे आणि ग्लायडर त्या रेषेच्या वर आले की एकाच खुणेसरशी दोघांनी त्याचा उन्नतकोन नोंदवावयाचा. रेषा २०० मीटरांची, एका टोकाचा कोन ४५ अंश व दुसऱ्या टोकाचा ६० अंश असेल, तर उंची सुमारे १२७ मीटर येते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला कोष्टकाच्या आधारे हे उदाहरण सोडविता येईल. ४५ अंशांच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर उत्तर तीन मीटरांनी चुकते. तेवढे चालण्यासारखे आहे. पण त्याच २०० मीटर रेषेवरून ४०० मीटर उंचीचे ग्लायडर मोजावयाचे ठरविले, तर तीच एका अंशाची चूक १५ मीटरांना महाग पडते. त्रिकोण उंच व निमुळता झाला की त्याचे शिखर डळमळू लागते. त्यावर उपाय एकच: पाया लांब घ्यावा आणि तो अचूक मोजावा.

पाया अचूक मोजण्याची कथा बेंगळूरुला नवी नाही. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १८०० साली विल्यम लॅम्टन या लष्करी अधिकाऱ्याने या शहराजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची पायारेषा मोजली. त्यासाठी वापरलेली शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेल्या वस्तूंपैकी होती. तेथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आली. लॅम्टनने ती लाकडी पेट्यांत आडवी ठेवून, ताण देऊन, जवळ उष्णतामापक लावून वापरली, कारण उन्हाने पोलाद लांबते हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ दुसरी पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ झाला, त्याच्या तयारीचा पाठ असा या पठारावर गिरविला गेला. ग्लायडरासाठी साडेसात मैलांची गरज नसते हे खरे. मात्र दोरी ताणली गेली किंवा पट्टी उन्हात तापली तर तिचा दोष सर्व उत्तरांत उतरतो, ही गोष्ट दोन मैलांच्या काय आणि दोनशे मीटरांच्या काय, कोणत्याही पायाला सारखीच लागू आहे.

कोन मोजण्याची पद्धत ग्लायडर दिसते तोवरच चालते, शिवाय तिला तीन-चार माणसे लागतात. म्हणून आज बहुतेक ठिकाणी ग्लायडरच आपली उंची स्वतः मोजते. यामागील तत्त्व तीनशे सत्तर वर्षांहून जुने आहे. फ्रान्समध्ये पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन प्युइ द डोम या डोंगरावर चढला, आणि शिखरावर पाऱ्याचा स्तंभ पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटरांनी उतरलेला आढळला. वर जावे तसतसे डोक्यावरील हवेचे ओझे कमी होते. म्हणून दाब मोजला की उंची कळते. पाऱ्याची नळी विमानात नेणे शक्य नव्हते. ल्युसियँ व्हिदी याने १८४४ च्या सुमारास हवा काढून घेतलेली धातूची पातळ डबी वापरून निर्द्रव वायुदाबमापक तयार केला, आणि वैमानिकासमोरील काट्याचा उंचीमापक त्याच्यापासून निघाला. ग्लायडरमध्ये असतो तो त्या डबीचा नखाएवढा वंशज: सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा. दाब बदलला की तो किंचित वाकतो, त्याचा विद्युत् रोध बदलतो, आणि दहा-वीस सेंटिमीटर उंचीच्या फरकाचीही नोंद होते. सर्व उपकरणाचे वजन काही ग्रॅम. ते उंचीची नोंद साठवून ठेवते किंवा बिनतारी संदेशाने त्याच क्षणी खाली कळविते. काही उपकरणे तर चढ-उतार सुराने ऐकवितात, म्हणजे उडविणाऱ्याला ग्लायडरवरची नजर काढावी लागत नाही.

इतके सूक्ष्म उपकरण हाती आल्यावर प्रश्न संपला असे वाटेल. वस्तुतः खरी मौज येथूनच सुरू होते.

उपकरण दाब मोजते, उंची मोजत नाही. दाबावरून उंची काढण्यासाठी हवा किती उबदार आहे हे ठाऊक असावे लागते, कारण उबदार हवा विरळ असते आणि तितकाच दाब कमी होण्यासाठी तिच्यात अधिक वर चढावे लागते. बहुतेक उपकरणे एक ठरीव वातावरण गृहीत धरतात. त्यात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असते व ते दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरते. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, म्हणजे या हिशेबाने येथे हवा नऊ अंशांची असावयास हवी! प्रत्यक्षात ग्लायडर उडविण्याच्या वेळी ती २७ अंशांची असते. येथील दाब सुमारे ९१० हेक्टोपास्कल असतो, आणि या उबदार हवेत एक हेक्टोपास्कल दाब कमी होण्यासाठी सुमारे ९.६ मीटर चढावे लागते. (मुंबईच्या किनाऱ्यावर हेच अंतर सुमारे ८.७ मीटर आहे.) उपकरण मात्र ठरीव वातावरणावर विसंबून ९.१ मीटरच धरते. परिणाम असा, की ते शेकडा सहा उंची कमी दाखविते. उपकरणावर १२० चा आकडा दिसतो तेव्हा ग्लायडर सुमारे १२७ मीटरांवर असते.

हा १२० चा आकडा येथे मुद्दाम घेतला आहे. भारताच्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये नमुना विमानांसाठी निराळा वर्ग आहे. वजन २५ किलोग्रॅमपर्यंत, उद्देश शिक्षण, संशोधन वा करमणूक, आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात, अशा त्याच्या अटी आहेत. हरित क्षेत्रात परवानगीवाचून जाण्याची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर आहे. चालू विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ती ६० मीटरांवर येते, आणि त्याहून जवळ तर जमिनीपासूनच परवानगी लागते. बेंगळूरुच्या नकाशावर देवनहळ्ळीजवळील २००८ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय विमानतळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जुना विमानतळ, येलहंका येथील हवाई दलाचा तळ आणि जक्कूरची धावपट्टी यांभोवती ही वर्तुळे काढून पाहिली म्हणजे ग्लायडर उडविणाऱ्याला मैदान शोधण्यासाठी शहराबाहेर किती दूर जावे लागते हे समजते. उतरू पाहणाऱ्या विमानाच्या वाटेत दोन किलोग्रॅमचे काठिण तंतूंचे ग्लायडर येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. अशा मर्यादेजवळ उडताना उपकरणाने सात मीटर दडवून ठेवणे क्षम्य नाही.

हवेच्या तापमानाखेरीज आणखी दोन गोष्टी उंची चुकवितात. उष्ण कटिबंधात वातावरणाचा दाब दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखा चढतो व उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो अधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलांनी उतरतो. सकाळी शून्यावर लावलेला उंचीमापक दिवसभर टेबलावर ठेवला, तर दुपारपर्यंत तो जागच्या जागी तीस-चाळीस मीटर ‘वर चढतो’. दहा मिनिटांच्या उड्डाणात या दोषाचा वाटा मीटरभराचाच असतो. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी शून्य लावणे एवढा उपाय पुरतो.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. उपकरण ग्लायडरच्या पोटात बसविलेले असते आणि बाहेरची हवा वेगाने वाहत असते. एखाद्या फटीतून हा वारा आत दाब निर्माण करील, किंवा भोकावरून वाहताना आतील हवा शोषून घेईल. सेकंदाला दहा मीटर वेगाने वाहणाऱ्या येथील हवेचा गतिज दाब सुमारे अर्धा हेक्टोपास्कल, म्हणजे पाच मीटर उंचीइतका असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो आणि वीस मीटरांची खोटी उंची किंवा खोटी खोली दाखविली जाते. म्हणून उपकरण वाऱ्याच्या थेट मार्गातून दूर, सच्छिद्र स्पंजाच्या तुकड्याखाली ठेवतात. त्या तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे: काही सिलिकॉन पडद्यांना उजेडाचाही त्रास होतो, आणि पारदर्शक आवरणातून ऊन पडताच त्यांचा आकडा उडी मारतो.

आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नियमांनी होणाऱ्या एफ-५-जे या स्पर्धेत या सर्वांचे मोल गुणांत मोजले जाते. मोटर अधिकांत अधिक ३० सेकंद चालवावयाची आणि नंतर ऊर्ध्वप्रवाह शोधून दहा मिनिटे तरंगत राहावयाचे. हवेतील प्रत्येक सेकंदाला एक गुण मिळतो. पण मोटर बंद झाल्यावर दहा सेकंदांपर्यंत गाठलेल्या कमाल उंचीपैकी पहिल्या २०० मीटरांत प्रत्येक मीटरला अर्धा गुण आणि त्यावर प्रत्येक मीटरला तीन गुण कापले जातात. १५० मीटरांवरून आरंभ करणाऱ्याचे ७५ गुण जातात, २२० मीटरांवरून करणाऱ्याचे १६०. कमी उंचीवरून सुटून वर चढणारा जिंकतो, आणि यात खरोखर हवा ओळखण्याचे कौशल्य आहे. तापमानाचा दोष सर्व स्पर्धकांना सारखाच भोवतो, त्यामुळे न्यायाला धक्का लागत नाही. वाऱ्याच्या फटीचा दोष मात्र ज्याचा त्याचा निराळा. भारतात अशा उड्डाणासाठी १२० मीटरांवरील परवानगी आधी मिळवावी लागते, हे वेगळे.

उपग्रहांच्या साह्याने उंची काढली तर हवेच्या लहरींतून सुटका होईल, असा विचार साहजिकच मनात येतो. पण सर्व उपग्रह निरीक्षकाच्या वर असतात, खाली एकही नसतो. त्यामुळे आडव्या स्थानापेक्षा उभ्या उंचीतील चूक दीड-दोन पट राहते. बेंगळूरुत तर आणखी एक नवल आढळते. उपग्रह-पद्धती पृथ्वीचा एक गणिती लंबवर्तुळाकार गोल धरून त्याच्यापासून उंची मोजते. खरी समुद्रसपाटी या गोलाशी सर्वत्र जुळत नाही, आणि दक्षिण भारतात ती त्याच्या बरीच खाली आहे. म्हणून समुद्रसपाटीपासून ९२० मीटर उंचीच्या मैदानावर असंस्कारित उपग्रह-उंची ८३५ मीटरांच्या आसपास येते. ग्लायडर अद्याप हातात, आणि आकडा जमिनीखाली ८५ मीटर! श्रीलंकेच्या दक्षिणेस हा खोलगटपणा १०६ मीटरांपर्यंत जातो. पृथ्वीच्या पोटातील, आफ्रिकेच्या बाजूने सरकलेल्या उष्ण व हलक्या द्रव्याशी त्याचा संबंध आहे, असा निष्कर्ष भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल व आत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये मांडला. सुदैवाने ग्लायडर उडविणाऱ्याला जमिनीपासूनची उंची हवी असते, आणि दोन आकड्यांची वजाबाकी केली की हा सर्व दोष आपोआप गळून पडतो.

शाळेत किंवा घरी उंचीमापकाची पारख करावयाची असेल, तर त्याला ग्लायडरही लागत नाही. उंच इमारतीच्या गच्चीवरून, खाली कोणी उभे नाही याची खात्री करून, दर पाच मीटरांवर गाठ मारलेली न ताणणारी दोरी सोडावी. उपकरण स्पंजात गुंडाळून तिच्या टोकाला बांधावे, जमिनीवर शून्य लावावे आणि वारा पडलेला असताना ते गाठी-गाठीने वर ओढावे. मे महिन्यात, हवा २७ अंशांची असता, ४० मीटरांच्या गाठीवर आकडा साडेसदतीसच्या जवळपास यावा. तो दरवेळी तसाच आला तर उपकरण चांगले आहे आणि गुणकाने उत्तर दुरुस्त करता येते. दरवेळी निराळा आला तर फट किंवा ऊन शोधावे. गुणकासोबत तारीख व तापमान वहीत टिपून ठेवणे आवश्यक आहे, कारण डिसेंबरातील सकाळी हवा १७ अंशांवर आली की तेच उपकरण त्याच गाठीवर ३८.९ मीटर दाखवील.